हलक्या फ्रेमला कोणते काडतूस मानवते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला आहे. पिस्तूल अॅल्युमिनियम फ्रेमचे, वजनाला हलके हवे. मग बोर (काडतुसाचे माप) कोणता घ्यायचा? अमेरिकेतल्या वाचकांपुढे दुकानात चार-पाच पर्याय असतात. भारतातल्या लायसन्सधारकांपुढे बहुतेक वेळा एकच असतो, पण त्या एकातही चुकायला पुष्कळ वाव आहे. दोन्हीकडची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मला कमांडर आकाराचे, सव्वाचार इंची बॅरलचे, अॅल्युमिनियम फ्रेमचे पिस्तूल घ्यायचे आहे. दुकानात ते ९ मिमी, .३८ सुपर आणि .४५ एसीपी अशा तिन्ही काडतुसांत मिळते. जवळ बाळगायलाही हवे आहे आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जाऊन शंभर-दीडशे गोळ्या झाडायचा बेत आहे. मित्र म्हणतात, .४५ नसलेले १९११ (कोल्टचे जुने लष्करी पिस्तूल) म्हणजे मिठाशिवाय जेवण. शिवाय ९ मिमीचा दाब जास्त असल्यामुळे फ्रेम लवकर जाईल, असेही त्यांचे म्हणणे आहे. — एक वाचक, डॅलस

उत्तर : ९ मिमी घ्या. कारणे सविस्तर देतो, म्हणजे मित्रांशी बोलायला सोपे जाईल.

मुळात हा आकार जन्माला आला तोच ९ मिमीसाठी. १९४९ साली अमेरिकी लष्कराने १९११ पेक्षा हलके पिस्तूल मागवले. अट अशी की काडतूस ९ मिमी, लांबी सात इंचांच्या आत आणि वजन २५ औंसांच्या, म्हणजे साधारण ७१० ग्रॅमच्या आत. पोलादी १९११ भरते ३९ औंस, म्हणजे १ किलो १०० ग्रॅम. कोल्टने बॅरल सव्वाचार इंचांवर आणली, फ्रेम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली आणि वजन साडेसव्वीस औंसांपर्यंत उतरवले. लष्कराने ते स्वीकारले नाही, पण १९५० पासून कमांडर बाजारात आले आणि तिथे .४५ व .३८ सुपरमध्येही विकले गेले. १९७० च्या सुमारास त्याच मापाचे, पण पोलादी फ्रेमचे कॉम्बॅट कमांडर निघाले.

आता झटक्याचा हिशेब. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू मिळून जितका संवेग पुढे जातो, तितकाच पिस्तुलाला मागे मिळतो. काडतुसांसकट ८५० ग्रॅम भरणारे हलके पिस्तूल धरा. ९ मिमीची ११५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने सुटली, तर पिस्तुलाच्या वाट्याला साधारण साडेपाच ज्यूल ऊर्जा येते. त्याच पिस्तुलातून .४५ ची २३० ग्रेनची गोळी २५५ मीटर वेगाने सुटली, तर दहा ज्यूलच्या वर. म्हणजे जवळपास दुप्पट. आणि सव्वा किलोला थोडे कमी भरणाऱ्या पोलादी पिस्तुलातून तेच .४५ झाडले, तर साडेसात ज्यूल. तुमच्या मित्रांना .४५ आवडते ते बहुधा या साडेसात ज्यूलच्या अनुभवावरून. हलक्या फ्रेममध्ये .४५ चा अनुभव वेगळा असतो. उलट हलक्या फ्रेममधले ९ मिमी हे जड फ्रेममधल्या .४५ पेक्षाही सौम्य राहते. महिन्याला दोन-तीनशे गोळ्या झाडायच्या असतील, तर पन्नासाव्या गोळीनंतर चाप ओढण्याआधीच मनगट आवळले जाते की नाही, यावर सगळी नेमबाजी अवलंबून असते. एकदा ती दचकण्याची सवय लागली की सुटायला महिने जातात.

दाबाविषयी मित्रांचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. ९ मिमीचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) आणि .४५ चा २१,०००. पण हा दाब पेलतात चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या खोलीची भिंत आणि गोळी सुटताना बॅरल व स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) जोडून ठेवणारे कुलूप. हे दोन्ही भाग पोलादीच असतात. फ्रेमपर्यंत पोहोचतो तो मागे येणाऱ्या स्लाइडचा आणि बॅरलचा ठोसा. तो ठरतो संवेगावरून, आणि संवेगात .४५ सुमारे एक तृतीयांशाने भारी आहे. म्हणून कुलूपबंद पिस्तुलात फ्रेमला आधी थकवते ते .४५.

.३८ सुपरचा विचार मात्र आदराने करायला हवा. १९११ चे मॅगझिन .४५ च्या लांबीचे, म्हणजे साडेबत्तीस मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडले आहे. .३८ सुपरची लांबी तितकीच, त्यामुळे ते त्यात सहज चालते. ९ मिमी पावणेतीस मिलिमीटरहून लांब नसते. म्हणून त्याच्या मॅगझिनमध्ये मागे पट्टी घालून पोकळी भरलेली असते, आणि काडतुसाला चेंबरपर्यंत जरा जास्त प्रवास करावा लागतो. ९ मिमीचे १९११ अडकते ते बहुतेक वेळा इथे. उपाय साधा आहे : मॅगझिनवर हात आखडू नका. चांगली तीन घ्या, त्यांवर १, २, ३ असे आकडे टाका आणि अडकल्यावर कोणत्या आकड्याचे होते ते लिहून ठेवा. दहापैकी आठ वेळा दोष एकाच मॅगझिनकडे निघतो. .३८ सुपर या कटकटीतून सोडवते, पण काडतुसे महाग, सगळीकडे मिळत नाहीत, आणि पूर्ण ताकदीच्या भरणीत झटका साडेसात ज्यूलच्या घरात जातो. घरी स्वतः काडतुसे भरणाऱ्याला ते शोभते.

.४० तुमच्या यादीत नाही ते बरेच आहे. दाब ९ मिमीइतकाच, गोळी १८० ग्रेनची, आणि हलक्या फ्रेममध्ये झटका नऊ ज्यूलच्या आसपास. दोन्हीकडचे तोटे एकत्र आल्यासारखे होते.

९ मिमी घेताना दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, चेंबरकडे नेणारी उतरण कुठे आहे. काही पिस्तुलांत ती फ्रेममध्येच, म्हणजे अॅल्युमिनियममध्ये कोरलेली असते. काहींत बॅरललाच पोलादी उतरण जोडलेली असते. दुसरी रचना घ्या. पोकळ टोकाच्या गोळीची कडा अॅल्युमिनियमच्या उतरणीला हजार-दीड हजार गोळ्यांत खड्डा पाडू शकते, आणि एकदा खड्डा पडला की पुढची गोळी त्यातच अडते. मॅगझिनमधला वर सरकणारा तुकडा धातूचा आणि आखूड असेल, तर शेवटच्या गोळीला तो पुढे झुकून उतरणीला ठोकतो. म्हणून खाली लांब कडा असलेला किंवा प्लॅस्टिकचा तुकडा असलेले मॅगझिन वापरा. आणि कुणी मिस्त्री 'उतरण चकचकीत करून देतो' म्हणाला, तर अॅल्युमिनियमच्या बाबतीत हात जोडा. चमक येते ती वरचा कठीण थर निघून गेल्यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंग. सव्वाचार इंची .४५ ला १८ पाउंडी स्प्रिंग असते, ९ मिमीला १२ ते १४ पाउंडी. दर दोन हजार गोळ्यांना बदला. ती बसली की स्लाइड शेवटच्या टप्प्यात जोराने आपटते आणि ते आपटणे अॅल्युमिनियमवर पडते. पण फ्रेम वाचवायची म्हणून २० पाउंडी घालू नका. स्लाइड मग पूर्ण मागे जात नाही, रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही, आणि पुढे येताना ती इतक्या जोरात येते की बॅरलचा धक्का स्लाइड-स्टॉपच्या खिळीवर आणि तिच्या भोकावर बसतो. म्हणजे मागचे आपटणे वाचवून पुढचे ओढवून घेतल्यासारखे.

.४५ च घ्यायचे मनाशी पक्के असेल, तर २३० ग्रेनचे साधे काडतूस वापरा, जास्त दाबाचे 'प्लस पी' रोजच्या सरावात टाळा, आणि सरावाच्या गोळ्या पोलादी पिस्तुलातून झाडा.

प्रश्न : अलॉय (मिश्रधातूच्या) फ्रेमला चीर जाते असे ऐकतो. किती गोळ्यांनंतर? आणि ती दिसते कुठे? — एक वाचक, सॅन होजे

उत्तर : गोळ्यांचा एक आकडा सांगता येत नाही, कारण तो काडतूस, स्प्रिंग आणि मिश्रधातू या तिघांवर ठरतो. चांगल्या फ्रेम ७०७५-टी६ या मिश्रधातूच्या असतात. त्यात जस्त मुख्य असते आणि ताकद साध्या पोलादाच्या जवळ जाते. ६०६१ त्याहून बराच मऊ. पण पोलाद आणि अॅल्युमिनियममधला खरा फरक थकव्याचा आहे. पोलादावर ठरावीक मर्यादेच्या आत कितीही ठोके बसले तरी ते थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नसते, प्रत्येक ठोका खात्यावर जमा होतो. म्हणून हलका ठोका निवडणे हाच त्यावरचा इलाज, आणि काडतूस निवडताना आपण तोच निवडत असतो.

पाहायचे असे : मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, मग पिस्तूल उघडा. फ्रेम पुसून कोरडी करा, पातळ तेलाचा एक थेंब संशयाच्या जागी सोडा, दोन मिनिटांनी पुसून त्यावर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेले तेल पांढऱ्या पुडीत केसासारखी काळपट रेघ होऊन वर येते. १९११ घाटाच्या पिस्तुलात पहिली जागा म्हणजे डाव्या बाजूला स्लाइड-स्टॉपच्या खाचेवरचा बारीक पूल. दुसरी, स्प्रिंगच्या दांड्याची चकती जिथे टेकते तो उभा भाग. तिसरी, बॅरलच्या खालचे दात जिथे आदळतात ती भिंत. इथे चीर नसली तरी धातू चेपून कडेला फुगवटा आलेला दिसतो. खाचेवरच्या पुलाची चीर त्यामानाने सौम्य समजतात, कारण त्या पुलावर फारसे काही अवलंबून नसते. काही कारखान्यांनी तर तो पूलच कापून टाकला. बाकी दोन ठिकाणी रेघ दिसली, तर त्या पिस्तुलातून पुढची गोळी झाडू नका, निर्मात्याकडे पाठवा.

वॉल्थरने हेच वेगळ्या मार्गाने सोडवले. युद्धातले पोलादी पी३८ पुढे पी१ या नावाने अॅल्युमिनियम फ्रेममध्ये आले, आणि सत्तरच्या दशकात त्या फ्रेममध्ये षटकोनी पोलादी खिळ आडवी बसवली, जेणेकरून कुलपाचा ठोका अॅल्युमिनियमऐवजी पोलाद झेलेल. जुने पी१ घेताना ही षटकोनी खिळ आहे का, ते बाहेरूनच दिसते.

प्रश्न : माझ्या मनगटाला संधिवाताचा त्रास आहे. यजमानांनी माझ्यासाठी खिशात मावेल असे अॅल्युमिनियम फ्रेमचे ९ मिमी आणले. झटका सहन होत नाही, आणि दर दहा-बारा गोळ्यांनी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकते. त्यांच्या हातात मात्र एकदाही अडकले नाही. दोष माझा की पिस्तुलाचा? — एक वाचक, रॅली

उत्तर : दोष दोघांच्या जोडीचा आहे, ताई, आणि तो काडतूस बदलून सुटतो.

स्लाइडला पूर्ण मागे जायला फ्रेम जागच्या जागी थांबावी लागते. पोलादी फ्रेम आपल्या वजनानेच थांबते. साडेचारशे ग्रॅमचे पिस्तूल थांबत नाही. ते हातासकट मागे जाते. फ्रेमच स्लाइडबरोबर मागे गेली, तर दोघांमधले अंतर अपुरे राहते, पुंगळीला ठोकर नीट लागत नाही आणि ती उभी अडकते. यजमानांचे मनगट हे काम करते, तुमच्या दुखऱ्या मनगटाने ते करावे अशी अपेक्षा ठेवू नये.

आकडे पाहिलेत तर स्वतःला बोल लावणार नाही. अशा तीन इंची, भरून पाऊणशे-ऐंशी ग्रॅम वाढलेल्या ९ मिमी पिस्तुलाचा झटका पावणेआठ ज्यूलच्या आसपास येतो. वर डॅलसच्या उत्तरात पोलादी १९११ मधून .४५ झाडल्यावर जो आला, त्याच्याइतकाच. शिवाय इथे धरायला दोनच बोटे पुरतील एवढी मूठ.

त्याच आकारात .३८० एसीपी घ्या. झटका चार ज्यूलपर्यंत उतरतो. पण .३८० मध्येही दोन जाती आहेत आणि इथेच गल्लत होते. जुन्या घाटाची .३८० पिस्तुले बिनकुलपाची असतात : स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगची ताकद एवढ्यावरच ती दाब रोखतात. त्यामुळे स्प्रिंग इतकी कडक असते की संधिवाताच्या हातांनी स्लाइड ओढवत नाही, आणि झटकाही काडतुसाच्या मानाने टोचरा लागतो. कुलूपबंद .३८० मध्ये, उदाहरणार्थ कोल्ट मस्टँगच्या हलक्या आवृत्तीत किंवा त्याच घाटाच्या सिग पी२३८ मध्ये, बॅरल आणि स्लाइड थोडे अंतर एकत्र मागे जातात, म्हणून स्प्रिंग मऊ ठेवता येते. दुकानात विचारा, 'हे कुलूपबंद आहे का?' आणि तिथेच, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, स्लाइड सलग दहा वेळा ओढून पाहा. दहाव्या वेळी दुखले तर घेऊ नका. ओढताना एका हाताने स्लाइड मागे खेचण्यापेक्षा, ती घट्ट धरून मुठीचा हात पुढे ढकला. जोर दंडाचा लागतो, मनगटाचा नाही.

नवे पिस्तूल घेतल्यावर दोनशे गोळ्या, त्यातल्या किमान पन्नास तुम्ही घरात भरून ठेवणार त्याच जातीच्या, तुमच्याच हाताने झाडा. यजमानांच्या हातात चालले याला अर्थ नाही.

प्रश्न : आजोबांचे वॉल्थर पीपीके वडिलांकडून माझ्या लायसन्सवर येत आहे. ७.६५ मिमी (म्हणजेच .३२), वजनाला आश्चर्य वाटावे इतके हलके. ओळखीचे एकजण म्हणतात, '.३२ म्हणजे खेळणे. हीच पिस्तुले .३८० मध्येही यायची, बॅरल बदलून घे.' करता येईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : करू नका. कायद्यानेही नाही आणि पिस्तुलाच्या जिवासाठीही नाही.

आधी ते काट्यावर ठेवा. पोलादी पीपीके सुमारे ५९० ग्रॅम भरते. तुमचे ४८० च्या आसपास भरले आणि फ्रेमला लोहचुंबक चिकटला नाही, तर ते ड्युराल्युमिन, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या फ्रेमचे आहे. पन्नास-साठच्या दशकांत जर्मनीत अशी पीपीके-एल नावाची हलकी आवृत्ती निघत असे. आता मुद्द्याची गोष्ट : पोलादी पीपीके .३८० मध्ये सर्रास यायचे, पण ही हलकी आवृत्ती वॉल्थरने .२२ आणि ७.६५ मिमी एवढ्यातच काढली. ज्यांनी पिस्तूल घडवले त्यांनीच हलक्या फ्रेमला .३८० मानवणार नाही असे ठरवले होते. ओळखीच्या गृहस्थांनी पाहिलेली .३८० पिस्तुले पोलादी असणार.

कारण हिशेबात आहे. पीपीके बिनकुलपाचे पिस्तूल. .३२ ची ७१ ग्रेनची गोळी आणि .३८० ची ९५ ग्रेनची, दोन्हींचे दाब जवळजवळ सारखे, वीस-एकवीस हजार पीएसआय. पण .३८० मुळे स्लाइडला मिळणारा वेग एक तृतीयांशाहून जास्त, आणि तिच्या आपटण्याची ऊर्जा जवळपास दुप्पट. तो सगळा ठोसा ड्युराल्युमिनवर. शिवाय पीपीकेची बॅरल फ्रेममध्ये दाबून, खिळ मारून बसवलेली असते. ती काढणे-घालणे म्हणजे मऊ धातूचे भोक सैल करणे.

कायद्याचे म्हणाल, तर लायसन्सवर बोर नोंदलेला असतो आणि परवानगीशिवाय शस्त्रात असा बदल करणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ९ मिमीचे सर्व्हिस काडतूस घेणारी पिस्तुले आपल्याकडे प्रतिबंधित बोरमध्ये मोडतात, आणि .३८० ला युरोपात '९ मिमी आखूड' म्हणतात. बॅरलवर '९ मिमी' कोरलेले पिस्तूल घेऊन पोलीस ठाण्यात नूतनीकरणाला जाण्याची वेळ स्वतःवर आणू नये. आणखी एक पाहून ठेवा : २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच शस्त्रे राहू शकतात. वडिलांची बंदूकही तुमच्याकडेच येणार असेल, तर आधीच मोजून घ्या.

.३२ खेळणे नाही. एवढ्या हलक्या पिस्तुलात त्याचा झटका दोन-सव्वादोन ज्यूल, म्हणजे सात मीटरवर सात गोळ्या एका पंजाएवढ्या जागेत बसवता येतात. थोडा सराव केला की कुणालाही. पीपीके उघडताना चापाचे कडे खाली ओढून बाजूला फ्रेमवर टेकवावे लागते. ती पोलादी कडा ड्युराल्युमिनला चावते. मध्ये जुन्या चामड्याचा पातळ तुकडा ठेवा. स्प्रिंग पन्नास वर्षांची असेल तर परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून पहिली ती बदलून घ्या, मगच गोळी झाडा.

प्रश्न : लायसन्सवर '.३२ बोर पिस्तूल' असे लिहिले आहे. दुकानातून आणलेली .३२ ची काडतुसे मॅगझिनमध्ये शिरतच नाहीत. पिस्तूल बिघडले का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पिस्तूल ठीक आहे, काडतूस रिव्हॉल्व्हरचे आहे. आपल्याकडे '.३२' या एका शब्दाखाली दोन वेगळी काडतुसे विकली जातात. एक .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, रिव्हॉल्व्हरचे, दुसरे .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी, पिस्तुलाचे. पुंगळी मोजा : रिव्हॉल्व्हरची सव्वातेवीस मिलिमीटरच्या पुढे आणि बुडाची कड ठळक बाहेर आलेली, पिस्तुलाची सव्वासतरा मिलिमीटर, कड जेमतेम नखाला लागेल एवढी. सगळे काडतूस पिस्तुलाचे २५ मिलिमीटर. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मालावर बुडाला 'केएफ' ही खूण असते, पण ती कारखान्याची, शेजारी ७.६५ आहे की एस अँड डब्ल्यू, ते वाचा. दुकानात 'पिस्तुलाची, सात पासष्ट' असे सांगून मागा.

उलटी चूक जास्त धोक्याची. पिस्तुलाचे .३२ रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये शिरू शकते. त्याचा दाब त्या रिव्हॉल्व्हरच्या मर्यादेपेक्षा बराच जास्त असतो. घरात दोन्ही शस्त्रे असतील तर काडतुसांचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा.

बरोबर काडतूस आणल्यावरही मॅगझिन भरताना एक पथ्य आहे. .३२ एसीपीला ती बारीक कड असल्यामुळे वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइडने कितीही ढकलले तरी वरचे निघत नाही. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवून, वरचे खालच्याच्या पुढे राहील असे ढकला, आणि भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा आपटा. पोकळ टोकाची काडतुसे लांबीला कमी असतात, त्यांना मागेपुढे हलायला जागा मिळते, म्हणून ती जास्त अडकतात. .३२ मध्ये पूर्ण आवरणाची, गोल नाकाची ७१ ग्रेनची गोळी हीच भरवशाची.

प्रश्न : समुद्र घरापासून हाकेवर. पावसाळ्यात अलॉय फ्रेमला गंज लागत नाही म्हणून आम्ही निर्धास्त असतो. बरोबर? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लाल गंज लागत नाही, पांढरा लागतो. फ्रेम अॅल्युमिनियमची, खिळी आणि स्क्रू पोलादी; मध्ये खारट दमट हवा आली की दोन धातूंचा सेल तयार होतो आणि झिजते ते अॅल्युमिनियम. खिळीभोवती पांढरी भुकटी दिसली तर समजा सुरुवात झाली. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला मुठीच्या पट्ट्या काढून खालची जागा कोरड्या फडक्याने पुसा, स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचे बोट लावा. स्क्रू आवळताना मात्र हात हलका. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की नवी बुशिंग बसवण्यावाचून मार्ग नाही. स्लाइडच्या खोबणीतही तेलाऐवजी पातळ ग्रीस चांगले, ते दमटपणात टिकते आणि पोलाद अॅल्युमिनियमवर घासण्याआधी मध्ये राहते.

जुनी मंडळी नळी धुवायला गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालत. पोलादी रायफलीला ते चालले; अॅल्युमिनियमला सोडा आणि अमोनियाचे द्रावण दोन्ही वर्ज्य. वरचा कठीण थर त्यात विरघळतो आणि काळी फ्रेम राखाडी पडते. राखाडी डाग पडला असेल तर तो घासून एकसारखा करू नका, तसाच राहू द्या आणि ग्रीसखाली ठेवा. पिस्तूल चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडे पाणी धरून ठेवते. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह, कुलूप असलेल्या पेटीत ठेवा. पुडीचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.